डाव्या पापणीचं भांडण

श्री, फादर माइकचा फोन आला होता. चित्र परत आलं. जुनं वार्निश काढून, फाटलेली कड सांधून आलं आणि चर्चच्या डाव्या भिंतीवर होतं त्याच जागी लागलं. आता शेजारी एक छोटं कार्ड लावायचं आहे. चित्र कोणाचं, कुठून आलं, त्यात कोण कोण आहे, एवढंच. "श्रीडर मला ते लिहून देणार होता," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तू देशील का? त्या म्हाताऱ्या बाईबद्दल त्याचं काहीतरी खास मत होतं. विचारलं की म्हणायचा, कार्डावर सांगेन."

मी हो म्हणून बसलेय. तू जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही, आणि जिच्यावरून आपण अर्धा संसार भांडलो त्या बाईबद्दल मला चार ओळी लिहायच्या आहेत. तुझं मत लिहावं तर ते मला कधीच पटलं नाही. माझं लिहावं तर उलटून बोलायला तू नाहीस, आणि ते बरोबर नाही. म्हणून कार्ड बाजूला ठेवलंय. आधी तुझ्याशी बोलून घेते.

ह्यूस्टनजवळच्या या शुगर लँडमधल्या आपल्या लोकांना तुझं काय करायचं ते कधी कळलंच नाही. इथे नवरे दोन प्रकारचे, तेल कंपन्यांतले 'तेलवाले' आणि डॉक्टर. तू तेलवाला म्हणून आलास आणि मधेच ती गाडी सोडून खाली उतरलास. गणपतीच्या कार्यक्रमात कोणीतरी मला विचारायचं, "तुमचे मिस्टर काय करतात?" मी सांगायची, कॉलेजात आर्ट हिस्टरी शिकवतात. समोरून यायचं, "आणि?" त्या 'आणि'ने माझं डोकं फिरायचं. तू मात्र खूश. "आणि चर्चमध्ये जातो," म्हणून सांगायचास. देसाई काकूंनी ते इतकं मनावर घेतलं की पुढची दोन-तीन वर्षं सत्यनारायणाला बोलावताना त्या मला बाजूला घेऊन हळूच विचारत, "चालेल ना गं त्यांना?"

हे सगळं झालं गाडीच्या बिघडलेल्या एसीमुळे. ऑगस्टमधलं ह्यूस्टन, भर दुपार, गाडी मेकॅनिककडे टाकलेली, आणि तू गारव्यासाठी समोरच्या चर्चमध्ये शिरलास. घरी आलास तो वेगळाच. हात धुता धुता म्हणालास, "सुनंदा, तिथे एक म्हातारी आहे." मी डॉक्टर, मला वाटलं कोणीतरी आजारी पडलंय आणि तू मला तपासायला नेणार आहेस.

ती म्हातारी चित्रातली. सतराव्या शतकातल्या नेपल्समधला कोणी चित्रकार, बरोक काळातला. युरोपातला एक मठ बंद पडला तेव्हा टेक्ससमधल्या कुठल्याशा श्रीमंत घराण्याने ते चित्र आणून या चर्चला दिलेलं. बाळ येशूला मंदिरात आणलंय, एका वृद्ध माणसाने त्याला हातांवर घेतलंय, आणि त्याच्या मागे अंधारात, डोक्यावरून पदरासारखं वस्त्र घेतलेली एक म्हातारी. उजेड बाळावरून निघतो आणि जेमतेम तिच्या डाव्या डोळ्यापर्यंत पोचतो. त्या डोळ्याची पापणी जराशी पडलेली.

त्या चित्रकाराचं नाव घेताना माझी जीभ अडखळायची. म्हणून मी त्याला 'बुवा' म्हणायला लागले, आणि पुढे तूही म्हणायला लागलास. काय गं, बुवांचा एक नवा देवदूत सापडला. बुवांच्या कुठल्यातरी शिष्याने घोळ घातलाय. बुवांनी जन्मभर देवाच्या घराबाहेर ब्रश उचलला नाही. राजवाडे नाहीत, सरदारांच्या बायका नाहीत, फळांच्या टोपल्या नाहीत. वेदीवरची चित्रं, घुमटाखालच्या कोपऱ्यांतले संत, मठांच्या जेवणघरांच्या भिंती. सोनेरी मुलामा देणाऱ्याचा हा मुलगा, लहानपणी बापाबरोबर चर्चच्या परांचीवर चढायचा, आणि तिथून कधी उतरलाच नाही असं तू सांगायचास. तरुणपणी लग्न केलं, एक मुलगी झाली, मग प्लेग आला आणि बायको गेली. ती कुठे पुरली तेसुद्धा कोणाला माहीत नाही, कारण त्या दिवसांत सगळ्यांना एकत्रच पुरत. मुलगी मोठी झाल्यावर मठात गेली. बुवा त्यानंतरही पुष्कळ जगले आणि रंगवत राहिले.

आणि प्रत्येक चर्चमध्ये तीच पापणी. लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या चित्रातल्या मेरीला ती आहे. प्लेगनंतर काही वर्षांनी रंगवलेल्या, क्रुसापाशी बसलेल्या बाईला आहे. ती तिशीची दिसते. पुढे एका संताच्या जखमा बांधणारी आहे, ती चाळिशीची. मग एका चमत्काराच्या चित्रात गर्दीत उभी असलेली जाड, थकलेली बाई. आणि शेवटी आपल्या चर्चमधली ही म्हातारी. तू सगळे फोटो जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडलेस, वरणाची वाटी बाजूला सरकवलीस आणि म्हणालास, "हा माणूस मेलेल्या बायकोला म्हातारी करतो आहे. दर चित्रागणिक. ती जगली असती तर आता कशी दिसली असती, ते बघतो आहे."

मी म्हटलं, "मुलगी आहे."

"काय?"

"मुलगी मोठी झाली ना? तिची आहे ही पापणी. आईकडून आली असेल. असं घराण्यात चालत येतं, आम्ही रोज बघतो."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी जेवणात केस दाखवला. तुझी नागपुरी फक्त चिडलास की बाहेर यायची. "काय बोलून राहिली तू! मुलगी मठात होती. जाळीच्या आड. बापालासुद्धा जाळीतूनच भेटायचं. ती काय समोर बसून चित्र काढून घेणार आहे?"

"बापाला समोर बसवावं लागतं का? जाळीतून दिसली की झालं."

त्या दिवशी वरण गार झालं आणि भांडण सुरू झालं. नंतर त्याला किती पुरवण्या जोडल्या गेल्या ते देवाला ठाऊक. हायवे फिफ्टी-नाईनवर ट्रॅफिकमध्ये अडकलो की तू नवा मुद्दा काढायचास. मी कोथिंबीर निवडताना त्याला उत्तर द्यायची. आपली मुक्ता लहान होती तेव्हा मागच्या सीटवरून ओरडायची, "कॅन वी प्लीज टॉक अबाऊट लिव्हिंग पीपल?"

तू मला नेपल्सला नेलंस ते याच भांडणासाठी, मधुचंद्राचं राहिलेलं उसनं फेडायचं हे तुझं निव्वळ निमित्त. तिथल्या एका मठाच्या चर्चमध्ये, बुवांच्या चित्रापाशी, भरदिवसा काळोख. भिंतीवर एक पेटी. तिच्यात नाणं टाकलं की चित्रावरचा दिवा जरा वेळ लागायचा आणि खट्‌कन विझायचा. तू मला खांद्याला धरून नेमक्या जागी उभं केलंस, नाणं टाकलंस आणि कानाशी म्हणालास, "आता बघ. मुलीकडे कोणी असं बघतं का?" मी बघेपर्यंत दिवा गेला. पुन्हा नाणं, पुन्हा अंधार. शेवटी तुझा खिसा रिकामा झाला आणि आपण दोघं त्या काळोखात वेड्यासारखे हसत उभे होतो, आणि एक नन येऊन आपल्याला शांत राहायची खूण करून गेली. मला त्या दिवशी चित्र धड दिसलं नाही. तुझे हात मात्र खांद्यावर अजून आहेत. त्या एका दुपारसाठी तुझे आभार मानायचे राहून गेले. घरी आल्यावर मी पाय दुखले म्हणून कुरकुर केली, एवढंच.

आणि मग तो एक्स-रे. चित्र सफाईला जायच्या आधी त्याचा एक्स-रे काढला, आणि तू ती फाइल मला ईमेल न करता लॅपटॉपवर घेऊन आलास. माझ्या कामाच्या खोलीत, माझ्या मोठ्या स्क्रीनवर ती लावलीस आणि खुर्ची ओढून मागे बसलास. आयुष्यात पहिल्यांदा तुझं आणि माझं काम एका पडद्यावर आलं होतं. मी रेडिऑलॉजिस्ट, आयुष्यभर एक्स-रेवर माणसांच्या छात्या आणि पोटं वाचली. पहिल्यांदाच एक चित्र वाचत होते. जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं, ते एक्स-रेत हाडासारखं उजळतं. म्हातारीच्या चेहऱ्याखाली दुसरा चेहरा होता. तरुण. मान तशीच कललेली, पापणी तशीच.

मागून तुझा श्वास ऐकू येत होता.

मी माझ्या सवयीने सांगायला लागले. आमच्या रिपोर्टचे दोन भाग असतात: आधी काय दिसतं ते, मग मला काय वाटतं ते. दिसतं असं की आधी एक तरुण चेहरा रंगवलेला आहे, त्यावर वयस्कर चेहरा आलेला आहे. "आणि तुला काय वाटतं?" तू विचारलंस. मी म्हटलं, बुवांनी आधी एक कल्पना केली, मग बदलली. मठाने सांगितलं असेल, म्हातारी हवी. तू खुर्चीवरून उठलास, खिडकीपाशी गेलास आणि पाठ करून म्हणालास, "त्याला ती तशीच आठवत होती, सुनंदा. तरुण. आधी आठवली तशी काढली. मग तिच्यावर वर्षं चढवली." मी तेव्हा म्हटलं, "श्री, यावर पुरावा नाही." तू म्हणालास, "नाहीच आहे. म्हणून तर कुठे लिहीत नाही. फक्त तुला सांगतो."

खरंच तू कुठे लिहिलं नाहीस. तुझ्या लेखांत पापणीचा उल्लेख आहे, ती कोणाची याबद्दल एक शब्द नाही. कॉलेजात नाही, व्याख्यानात नाही, फादरना नाही. जे सिद्ध नाही ते छापायचं नाही, हा तुझा हट्ट. तुझं ते मत या जगात फक्त मला माहीत होतं, आणि मला ते पटत नव्हतं.

त्या शुक्रवारी तू दुपारी जेवलास, ताकाची वाटी तोंडाला लावलीस, "जरा आडवा होतो" म्हणालास आणि सोफ्यावर गेलास. मी आत रिपोर्ट करत होते. बाहेर आले तर तू झोपलेला होतास. डॉक्टर असल्यामुळे दारातूनच कळलं. माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता, तो मी आधी नीट टेबलावर ठेवला. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

तेराव्याची गोष्ट तुला सांगायलाच हवी. तू असतास तर लोळून हसला असतास. तुझा एक धड फोटो सापडेना, कारण कॅमेरा कायम तुझ्याच हातात. मुक्ताने रेडमंडहून येताना फोनमधून एक शोधला, तिनेच काढलेला. तू त्या चर्चमध्ये उभा आहेस, हसतोयस, आणि तुझ्या खांद्यामागे चित्रातली म्हातारी, बरोबर चेहऱ्याशी चेहरा. मुक्ताने तुझ्याकडे बघितलं, मागे कोण आहे ते तिच्या लक्षातच आलं नाही. तिने तो मोठा करून, फ्रेम करून आणला. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आम्ही तो चौरंगावर ठेवला, हार घातला. चित्राची कड फोटोत नव्हती. अंधार, आणि अंधारात पदर घेतलेली एक म्हातारी.

गुरुजी आले. त्यांनी तुझ्या कपाळाला गंध लावलं, आणि मग जरा वाकून तिच्याही कपाळाला लावलं. मी बघत राहिले. मग लोक आले. एकेकाने नमस्कार केला, फुलं वाहिली. देसाई काकूंनी पदराने डोळे टिपले आणि मला जवळ घेऊन म्हणाल्या, "आईसुद्धा शेजारीच आल्या हो त्यांच्या. अगदी सारखे दिसतात गं. डोळा तर हुबेहूब."

शेजारच्या कोणीतरी मान हलवली. "हो, मला पण तेच वाटलं. आईवरच गेले होते."

मी स्वयंपाकघरात पळाले. मुक्ता मागे आली, तिला वाटलं मी रडतेय. मी हसत होते, तोंडावर नॅपकिन धरून. "आई, व्हॉट हॅपन्ड?" मी तिला सांगितलं तेव्हा तिने बाहेर डोकावून फोटो पुन्हा बघितला. "ओ माय गॉड. आय फ्रेम्ड हर?" मग तीही हसायला लागली, आणि मग आम्ही दोघी फ्रीजला टेकून रडलो. बाहेर लोक एका नेपल्सच्या बाईला नमस्कार करत होते आणि तिच्यात तुझी आई बघत होते.

लोक निघून गेल्यावर मी तुला म्हटलं, बघ. हाच माझा मुद्दा होता. कोणी सांगितलं की ही त्याची आई, की लगेच डोळा सारखा दिसतो. माणूस जे शोधतो ते त्याला दिसतं. देसाई काकूंनी तुझा सगळा सिद्धान्त एका वाक्यात मोडीत काढला. मी जिंकले होते, श्री. फोटोच्या काचेवर दोन गंधं होती, आणि 'पुरावा म्हणतेस तू याला?' असं कोणी म्हणालं नाही.

त्यानंतरचं सांगते, ते कोणाला सांगितलेलं नाही. मुक्तालाही नाही.

सगळे म्हणतात, जुन्या आठवणी येतील, त्यांना येऊ द्या. मला जुनं काही आठवत नाही. मला तू पुढचा दिसतोस. परवा दुपारी, बाहेर ऊन इतकं की रस्ता पांढरा दिसत होता, मी पाणी प्यायला उठले तर तू स्वयंपाकघराच्या दारात उभा. तू गेलास तेव्हा तुझ्या भुवया काळ्या होत्या. परवा त्या पांढऱ्या होत्या. कानात मशीन होतं, जे तू मेलास तरी लावलं नसतंस. किराणा आणायला गेले तर दुकानातल्या ढकलगाडीच्या दांडीवर तुझा हात, त्यावरची कातडी पातळ झालेली, म्हाताऱ्यांची होते तशी. मुक्ता कोणाशी तरी फोनवर हळू बोलत होती, आणि मला तिच्या लग्नात तू दिसलास, खुर्चीवर बसलेला, उभं राहवत नाही म्हणून चिडलेला. मी काही बोलावून आणत नाही. तू आपणहून येतोस, आणि दर वेळी थोडा आणखी म्हातारा होऊन येतोस.

याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. नवीन विधवांमध्ये हे पुष्कळांना होतं, काळजीचं कारण नाही, असं मीच दुसरीला सांगितलं असतं. पण मी त्या अंधाऱ्या खोलीत एकटी रिपोर्ट करत बसते, पडद्यावर परक्या माणसांच्या छात्या येतात, आणि माझ्या पाठीशी खुर्चीत कोणीतरी बसलेलं असतं. मी वळत नाही. वळले तर तू किती थकलेला दिसशील याची मला भीती वाटते.

तिथे बसूनच माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तुझं हे मत कधी सुरू झालं? चित्र तू त्याच्या बऱ्याच आधी पाहिलं होतंस. सुरुवातीला तू पापणीबद्दल बोलायचास, उजेडाबद्दल, बुवांच्या काळ्या रंगाबद्दल. मेलेल्या बायकोला म्हातारी करणं हे तू पहिल्यांदा बोललास ते त्या वर्षी. माझ्या छातीत गाठ निघाली त्या वर्षी. माझी केमो चालू असताना तू तास-दोन तास गायब व्हायचास. "जरा चर्चमध्ये जाऊन येतो," म्हणायचास आणि मी म्हणायची, जा बाबा, इथे बसून माझं टक्कल बघण्यापेक्षा बरं.

तू तिथे त्या म्हातारीसमोर बसून काय बघत होतास, श्री?

घरी येऊन तू माझ्याकडे टक लावून बघायचास. मी टोपी घालून सोफ्यावर पडलेली असायची. "काय बघतोस रे?" म्हटलं की म्हणायचास, "काही नाही. तू म्हातारपणी कशी दिसशील ते बघतोय." मला ती तुझी थट्टा वाटायची. आणि जेवणाच्या टेबलावर तू फोटो मांडलेस तेव्हा मी पहिल्या क्षणाला, विचारसुद्धा न करता म्हटलं, मुलगी आहे. आता कळतं का म्हटलं. ती बायको असती तर ती मेलेली बायको होती. मला त्या जागी बसायचं नव्हतं. मुलगी असेल तर घरात सगळे जिवंत होते. मी बरी झाले, केस आले, वर्षं गेली, पण माझी बाजू मी सोडली नाही, आणि तुझी तू. आपण बुवांवरून भांडतोय असं दोघांनाही वाटत राहिलं. तुला कळलं होतं का रे? की तुलाही नाही? एकदा तरी विचारायला हवं होतंस. किंवा मी.

त्या दिवसांत माझ्या मागे कसं जगायचं याचा तू चर्चमध्ये बसून अभ्यास करत होतास. सगळी तयारी तू स्वतःसाठी केलीस. कामाला मला येतेय.

इथवर लिहून कागद बाजूला ठेवला होता, आज पुन्हा हातात घेतला. काल मुक्ताला घेऊन मी चर्चला गेले. परवा ती रेडमंडला परत जातेय. दुपारची वेळ, आत कोणी नव्हतं. चित्र बघून मी दारातच थांबले. तू ते असं पाहिलं नाहीस, म्हणून तुला सांगते, नीट ऐक. म्हातारीचं वस्त्र तपकिरी नाही. निळसर राखाडी आहे. तो तपकिरी रंग वार्निशचा होता. मागे एक खांब निघालाय, आधी दिसतच नव्हता. तिच्या हनुवटीखाली सुरकुत्या आहेत, आणि त्या घाईघाईने काढलेल्या नाहीत. एकेक सुरकुती सावकाश, लक्ष देऊन काढलीय. आणि ती बाळाकडे बघत नाही. आपल्याला इतकी वर्षं वाटलं की बघते. ती बाहेर बघते, जरा खाली, चित्र रंगवणारा जिथे उभा असेल तिथे.

मुक्ता बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "इट्स ऑब्वियसली हिज डॉटर, आई. यू वर राइट."

आणि श्री, मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, मुलगी कशी असेल? मुलगी जाळीच्या आड होती. बाप तिला बघायचा तो लाकडी पट्ट्यांमधून, अंधारात. या सुरकुत्या बघ, या काय जाळीतून दिसतात? मुक्ता म्हणाली, "बापाला समोर बसवावं लागतं का? यू सेड दॅट." मी म्हटलं, "म्हटलं असेल. तेव्हा मला काही कळत नव्हतं." म्हटलं, खाली तरुण चेहरा का आहे मग? मुलगी हवी होती तर सरळ हव्या त्या वयाची काढली असती. आधी तरुण काढून मग तिच्यावर वर्षं कोण चढवतं? जिला तरुणपणानंतर पाहिलंच नाही, तिच्यावरच चढवतं. माझा आवाज वर चढला. वर घुमटात त्याचा प्रतिध्वनी यायला लागला. मुक्ताने माझा दंड धरला. "आई. आई! दॅट्स ऑल बाबाज स्टफ. यू नेव्हर बिलीव्ह्ड एनी ऑफ इट."

"हो," मी म्हटलं. "कोणीतरी त्याच्या बाजूने बोलायला नको का?"

ती म्हणाली, "पण प्रूफ नाहीये ना, आई." अगदी माझ्या आवाजात. मला मागे वळून तुझ्याकडे बघावंसं वाटलं.

फादर आले. त्यांनी विचारलं, कार्ड? मी त्यांना चार ओळी दिल्या. चित्रकाराचं नाव, नेपल्स, मठातून इथे कसं आलं ते, प्रसंग कोणता ते. शेवटची ओळ: मागे उभी असलेली वृद्ध स्त्री कोण आहे, हे ज्ञात नाही. फादरचं तोंड पडलं. "श्रीडरचं काहीतरी मत होतं ना पण?" मी म्हटलं, होतं. पण जे सिद्ध नाही ते लिहायचं नाही, हेही त्याचंच मत होतं. दया म्हणून मी तुझं मत भिंतीवर चिकटवलं असतं तर तू मला कधी माफ केलं नसतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा भिंतीवर तुझं नाही, माझंही नाही. माझी बाजू मुक्ता घेऊन चाललीय रेडमंडला, ती सांभाळेल. भांडण घरात राहील. पण मला तुझ्याशी खोटं बोलायचं नाही, म्हणून हे लिहिलं. मला पटवायला तू काय कमी केलंस? फोटो मांडलेस, नाणी संपवलीस, एक्स-रे आणलास. मला पटायला जे लागत होतं ते तू जिवंत असताना देऊच शकत नव्हतास.

ती त्याची बायको आहे, श्री.